दाराला खराटा

१

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. हवं तर आईची शपथ घेतो. आई वारून बरीच वर्षं झाली, तेव्हा तिला धोका नाही. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे अगदी बेटावर नव्हतो, समोरच्या पाण्यावर होतो, होडीत गळ टाकून बसलो होतो. मासे लागत नव्हते, म्हणून माझं सगळं लक्ष बेटाकडे होतं. तसे चार लागले होते, आणि त्यातला एक माझ्या हाताएवढा होता, पण ते राहू द्या. बाकीचा फिनलंड आम्हा सावो प्रांतातल्या लोकांना थापाडे म्हणतो. आम्ही त्यावर वाद घालत नाही. वाद घालायला बसलो तर तेही खोटंच निघायचं.

ताउनो रिस्सानेन हा कुओपिओच्या शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला माणूस. उंच, वाकलेला, लग्न न केलेला, आणि बोलायला पैसे पडतात अशा समजुतीत आयुष्य काढलेला. दर वर्षी युहान्नुसच्या सुट्टीत, जूनमध्ये सूर्य मावळायचा विसरतो तेव्हा, सगळं शहर सरोवरांकडे धावतं, तसा तोही यायचा. गाडी किनाऱ्याला लावायची, होडीत पिठाची पिशवी आणि कॉफी टाकायची, आणि लेप्पासारी बेटावरच्या आईबापांच्या लाकडी घरात जाऊन राहायचं. बेटावर वीज नाही, फोनला रेंज नाही. घराला कुलूपही नाही.

कुलपं शहरात लावतात. आमच्याकडे घरातून बाहेर पडताना दाराला बाहेरून खराटा टेकवतात. आलेला माणूस तो बघतो आणि परत फिरतो. खराटा सरकवून आत शिरलेला माणूस मी जन्मात पाहिलेला नाही. खराटा दिसत असताना कोणी हाका मारत नाही, की दार वाजवत नाही. रिकाम्या घराचं दार कोण वाजवतं?

त्या वर्षी ताउनोचा धाकटा भाऊ एस्को येणार होता. एस्को तरुणपणीच स्वीडनला कारखान्यात गेला, तिथलाच झाला. दोघा भावांत कैक वर्षं बोलणं नव्हतं. वसंतात एस्कोच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं, असं डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना खिडकीबाहेर बघत म्हणाले. मग त्याने ताउनोला फोन केला. 

"युहान्नुसच्या दुपारी बेटावर येतो," तो म्हणाला. "घरी असलास तर दोघं सॉनाच्या वाफेत बसू. नसलास तर समजेन. पुन्हा मात्र येणं व्हायचं नाही."

"मी कुठे जाणार?" ताउनो म्हणाला.

यावर एस्को इतका वेळ गप्प राहिला की ताउनोला वाटलं, लाइन तुटली.

२

एस्को गप्प का राहिला, ते ताउनोला पक्कं ठाऊक होतं. 

आई गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एस्को न कळवता आला होता. ताउनोने खिडकीतून त्याची होडी लांब असतानाच पाहिली. आईच्या शेवटच्या दिवसांत हा माणूस फिरकला नव्हता, तिला उचलून न्हाणीपर्यंत नेलं होतं ते ताउनोने. त्याला त्या क्षणी भावाचं तोंड बघायचं नव्हतं. तो झटकन बाहेर आला, दाराला खराटा टेकवला, आणि मागच्या खिडकीतून चढून आत आला. मग जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसला. एस्को पायऱ्या चढला. थांबला. बराच वेळ थांबला. दाराच्या फळीपलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. मग पायऱ्या उतरून गेला.

आमच्याकडे माणसं खोटं बोलतात. मी तर बोलतोच. पण खराट्याने खोटं बोललेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

म्हणून या वेळी ताउनो दोन दिवस आधीच आला होता. लाकडं फोडताना, जाळं वाळत घालताना, तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोकत होता. मोठ्याने घोकत होता, कारण बेटावर ऐकणारं कोण होतं? "त्या दिवशी मी घरातच होतो." एवढंच. पुढचं एस्को काय म्हणेल त्यावर. कधी वाक्य अर्ध्यावरच तुटायचं, कधी तोंडातून कोरडं लाकूड पडल्यासारखं पडायचं. तो पुन्हा कुऱ्हाड उचलायचा आणि पुन्हा म्हणायचा.

सणाच्या सकाळी त्याने चुलीवर कॉफी उकळली, रीतीप्रमाणे दाराच्या दोन्ही बाजूंना उभी करायला आणलेली बर्चची रोपं उचलली आणि खांद्याने दार ढकललं. दार कशाला तरी अडलं, मग सुटलं. बाहेर काहीतरी ओट्यावर आपटलं.

खराटा पडला होता.

ताउनो त्याच्याकडे बघत राहिला. काल संध्याकाळी ओटा झाडला होता, हे खरं. झाडून खराटा भिंतीला लावला असेल, वाऱ्याने सरकून दारावर आला असेल. वारा? सरोवराचं पाणी परातीतल्या दुधासारखं स्थिर होतं. मग आपणच सवयीने दाराला टेकवला असेल. टेकवला, आणि आत कुठून आलो? घराला दार एकच. मागच्या खिडकीला त्याने त्या उन्हाळ्यानंतर स्वतःच डासांची जाळी खिळे मारून पक्की केली होती.

म्हातारपण, असं तो स्वतःशी म्हणाला. ते उत्तर त्याला बरं वाटलं. त्याने खराटा उचलून सरपणाच्या छपरीत ठेवला, आणि बर्चची रोपं दाराशी उभी केली.

३

हिल्या नावाची म्हातारी पलीकडच्या किनाऱ्यावर राहते. ऐंशीच्या पुढची आहे, स्वतः होडी वल्हवते. उन्हं वर आली तशी ती नवे बटाटे आणि शेपू घेऊन आली, आणि धक्क्याला होडी लागायच्या आतच तिचं तोंड सुरू झालं.

"आज दुसरी खेप आहे माझी, रिस्सानेन. भाडं देणार का?"

ताउनोने दोर पकडला. दुसरी कशी, असं विचारलं. 

"सकाळी कॉफीच्या वेळेला आले होते. दाराला खराटा. म्हटलं, गेला वाटतं भावाला आणायला."

"मी घरातच होतो."

"मग खराटा कशाला लावलास? एवढ्या बायका मागे लागल्यात का तुझ्या?"

ताउनो हसला नाही. हिल्याला त्याची सवय होती. ती बटाटे त्याच्या हातात देत पुढे म्हणाली, की ती परत फिरली तेव्हा तो धक्क्यावर पाय सोडून बसलेला तिला दिसला होता. तिने हाक मारली नाही, डोळ्यांवर ऊन येत होतं. त्यानेच तिला हात केला.

"मी घरी जाऊन मांजराला सांगितलं," हिल्या म्हणाली, "ताउनो रिस्सानेनने हात केला. मांजराचाही विश्वास बसला नाही."

"काय घातलं होतं मी?"

"सॉनातून निघालेला माणूस काय घालतो? ओला होतास, लाल होतास. वयाच्या मानाने बरा दिसतोस, एवढंच म्हणेन." मग तिने वल्हं पाण्यात घातलं, आणि जरा थांबली. "भावाशीही तसाच वाग हो. सकाळी होतास तसा. आत्ता आहेस तसा नको."

ती गेल्यावर ताउनो धक्क्यावर उभा राहिला. सॉना अजून पेटवलेला नव्हता. एस्को दुपारी येणार, म्हणून तो आता पेटवणार होता.

४

सॉनाची झोपडी पाण्याच्या कडेला, घरापासून दहा-पंधरा पावलांवर. ताउनोने कपडे काढायची बाहेरची खोली ओलांडली, वाफेच्या खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबला. आत ऊब होती. चुलीवरचे दगड तापून आता निवत आले होते. वरच्या बाकावर ओला डाग होता, एका माणसाच्या बैठकीएवढा. बाकाच्या कडेला बर्चचं एक पान चिकटलं होतं.

त्याने काल कोवळ्या डहाळ्यांच्या दोन जुड्या बांधल्या होत्या, अंगावर हलकेच मारून घ्यायला, एक आपल्याला आणि एक एस्कोला. एक खिळ्याला तशीच लटकत होती. दुसरी बादलीत भिजत होती.

सुट्टीचे दिवस. छोट्या होड्या घेऊन भटकणारी शहरी पोरं कुठेही उतरतात. ताउनोने हा विचार नीट, सुतारासारखा जुळवला: पोरं आली, त्यांनी सॉना तापवला, एकाने हिल्याला हात केला, त्यांनीच गंमत म्हणून खराटा लावला. सांधा जवळजवळ बसत होता. फक्त सकाळपासून धूर त्याला दिसला कसा नाही, वास आला कसा नाही, तेवढी फट राहत होती. शिवाय हिल्याचे डोळे. ती पाण्यापलीकडून माशाची जात सांगते.

त्याने चूल पेटवली. लाकडं धरली तसा तो बाहेरच्या खोलीत बाकावर बसला, आणि मनाला दुसरीकडे वळवायला आपलं वाक्य म्हणू लागला. "त्या दिवशी मी घरातच होतो." ठीक झालं. पुन्हा म्हटलं. या वेळी अडखळला.

आतून, वाफेच्या खोलीतून, कोणीतरी ते पूर्ण केलं. 

आवाज मोठा नव्हता. पण वाक्य न अडखळता आलं, मऊ, जसं म्हणायला ताउनो दोन दिवस धडपडत होता तसं. त्यामागून दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला.

दगड अजून तापलेले नव्हते. त्यांच्यावर पाणी पडून असा आवाज होणं शक्य नव्हतं. ताउनोने एवढंच धरून ठेवलं, आणि मधलं दार न उघडता तो बाहेर पडला. पळाला नाही. शाळेत पोरांसमोर चालायचा तसा चालत घराकडे आला.

खराटा दाराला टेकवलेला होता. दोन बर्चच्या मधोमध, व्यवस्थित, दांडा वर, काड्या खाली.

आता ताउनोला राग आला, आणि रागाने त्याला बरं वाटलं. त्याने खराटा उचलला, खडकावर जाऊन हात मागे घेऊन सरोवरात लांब फेकला. तो बुडला, वर आला, तरंगत राहिला. ताउनो घरात शिरला, दार लावून घेतलं आणि टेबलापाशी खिडकीसमोर बसला. इथून धक्का दिसतो. एस्कोची होडी दिसली की बाहेर जायचं, धक्क्यावर उभं राहायचं, दोर पकडायचा. खराटा असो, नसो. माणूस डोळ्यांसमोर उभा असला की झालं.

त्याने टेबलावर दोन कप मांडले. वेलदोड्याचा गोड पाव कापला. पाण्यावरची होडीची जागा डोळ्यांनी धरून तो बसून राहिला.

थोड्या वेळाने ओट्यावर पाणी ठिबकू लागलं. थेंब सावकाश पडत होते, दाराच्या अगदी पायाशी.

५

एस्कोची होडी आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. इंजिन बंद झालं. एस्को म्हातारा झाला होता, एका हाताने छाती धरून उतरत होता. ताउनो उठला, दारापाशी गेला, दार ढकललं.

दार उघडलं नाही.

खराटा फक्त टेकवलेला असतो. त्याला वजन नसतं. सकाळी खांद्याच्या धक्क्याने पडला होता. ताउनोने दोन्ही हातांनी ढकललं, मग पाठ लावून ढकललं. चौकट त्याने स्वतः बसवली होती, तिची प्रत्येक फट त्याला माहीत होती. दार अडकलेलं नव्हतं, फुगलेलं नव्हतं. ते बंद होतं, इतकंच. रिकाम्या घराचं बंद असतं तसं.

तो खिडकीकडे धावला. एस्को पायऱ्या चढून ओट्यावर आला होता. त्याने खराट्याकडे पाहिलं. ताउनोने भावाचा चेहरा इतक्या जवळून कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि त्यावर जे उतरलं ते पाहून त्याला जमिनीवर बसावंसं वाटलं.

"एस्को!" तो ओरडला. त्याने काच ठोकली. "मी आहे! मी घरात आहे!"

एस्को खिडकीपाशी आला. कपाळावर हात आडवा धरून, काचेला नाक लावून त्याने आत पाहिलं. ताउनोचा चेहरा त्याच्यापासून वीतभर होता. एस्कोची नजर त्याच्यातून पलीकडे गेली, टेबलावर, दोन कपांवर, चुलीवर फिरली आणि परत आली. परक्याच्या घरात डोकावल्याची लाज वाटून त्याने हात खाली घेतला. काचेवर त्याच्या श्वासाचं धुकं राहिलं. ताउनोने आतून त्यावर बोट फिरवलं. धुकं तसंच राहिलं.

एस्को वळला. एक पायरी उतरला.

"इकडे ये की रे," सॉनाकडून कोणीतरी म्हणालं. "दगड मस्त तापलेत."

ताउनोने आपला आवाज कधी बाहेरून ऐकला नव्हता. तरी त्याने तो ओळखला.

एस्को जागच्या जागी थांबला. "मला वाटलं, तू नाहीस," तो म्हणाला, आणि शेवटचा शब्द फुटला.

"त्या दिवशी मी घरातच होतो," तो आवाज म्हणाला. मऊ, न अडखळता. "आत बसलो होतो. तुला जाऊ दिलं. माझं चुकलं, एस्को."

ताउनोने काच ठोकणं थांबवलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ते वाक्य पूर्ण व्हावं असं त्याला वाटत होतं, आणि ते आता झालं होतं.

एस्को रडत होता की हसत होता ते पाठीमागून कळत नव्हतं. तो खाली गेला. सॉनाच्या दारातून कोणीतरी हात पुढे केला आणि त्याला आत घेतलं. ताउनोला दिसली ती फक्त पाठ, क्षणभर, दार मिटायच्या आधी. ओली, लालबुंद, वाकलेली पाठ, खांद्याच्या हाडापाशी बर्चचं पान चिकटलेलं. माणसाला आपली पाठ कधी दिसत नाही. त्यामुळे ती आपली आहे, असं ताउनो शपथेवर सांगू शकला नसता.

मग धुराड्यातून धूर उठला. दोन माणसांच्या बोलण्याचा गुणगुणाट पाण्यावरून येत राहिला. मधून एस्को मोठ्याने हसला.

६

संध्याकाळी किनाऱ्याकिनाऱ्यावर युहान्नुसच्या होळ्या पेटल्या तेव्हा मी माझ्या होडीतून दोघा भावांना एकाच होडीतून येताना पाहिलं. एस्को पुढे बसला होता, ब्लँकेट गुंडाळून. वल्हवणाऱ्याने मला हात केला. मीही केला. नाही कसा करणार?

एस्को स्वीडनला परत गेला नाही. कुओपिओत दोघं एकत्र राहतात, ताउनोच स्वयंपाक करतो, भावाची औषधं बघतो. डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा एस्को कितीतरी जास्त जगलाय, आणि हिल्या म्हणते, माणूस असा बदलावा. मीही तेच म्हणतो. ताउनो आता बोलतो, हसतो, दुकानात लोकांची विचारपूस करतो. उन्हाळ्यात मात्र ते दोघं बेटावर जात नाहीत. खराटा दाराला तसाच आहे, त्यामुळे दुसरं कोणीही जात नाही.

आता कबूल करतो. मासे आठ होते, हे पहिलं. आणि घराच्या आतलं सगळं मी रचलं. सॉनातला आवाज, न उघडलेलं दार, काच ठोकणं, धुक्यावरचं बोट, सगळं. मी होडीत होतो, मला आतलं कुठून दिसणार? मला दिसलं ते एवढंच: एक माणूस ओट्यापर्यंत गेला, परत फिरला, सॉनात गेला, आणि दोन माणसं बाहेर आली. यात घाबरण्यासारखं काही नाही.

रचलेली गोष्ट कोणाला तरी ऐकवून बघावी लागते. मी गेल्या हिवाळ्यात ती ताउनोलाच ऐकवली, दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर, जरा चिडवावं म्हणून. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने सगळी नीट ऐकून घेतली, साखरेचा खडा दातांत धरून कॉफी प्यायला, आणि चांगल्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "बरोबर सांगितलंस. पण हल्ली काच नाही ठोकत तो."